मागच्या बाजूचे तीन गोल

लिओटा हार्बिसनने आमच्या टाउनशिपची शाळेची बस चौतीस वर्षं चालवली. त्या चौतीस वर्षांत आमच्यातला जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी तिच्या बसमध्ये ओकला आहे, आणि ती एकावरही ओरडल्याचं कुणाला आठवत नाही. बादली, थोडा लाकडाचा भुसा आणि खिशातली पेपरमिंटची गोळी, एवढा तिचा उपचार. मी तिसरीत होते तेव्हा माझाही झाला आहे.

बस सोडल्यावर ती तीन वर्षं घरात बसली आणि कंटाळून गेली. दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात एक दिवस ती आमच्या स्वयंपाकघरात आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "ट्विला, मी टाउनशिपच्या मंडळाला उभी राहिले गं."

"कोणाकडून?"

"कोंबड्याकडून. आणखी कोणाकडून?"

मला हसू आवरेना. आमचा हा दक्षिण इंडियानाचा दगडखाणींचा भाग. इथं मतपत्रिकेवर एका पक्षाचा गरुड असतो, दुसऱ्याचा कोंबडा, आणि आमच्याकडे दर दहा घरांतली सात गरुडाची. कोंबड्याकडून उभं राहणारी माणसं उभी राहतात, हरतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातात. टाउनशिप म्हणजे जिल्ह्यासारख्या काउंटीचा एक छोटा तुकडा, आणि तिच्या मंडळाच्या जागा तीन. काम म्हणजे कबरस्तानांचं गवत, कुंपणांची भांडणं, आगीचा बंब, आणि थंडीत कुणाच्या घरचं सरपण संपलं तर त्याची सोय. तिन्ही जागांवर गरुडवाले बसलेले. ऑर्विल क्नेबेल चोवीस वर्षं, मर्ल स्टूप्स दहा वर्षं आणि केंटन व्हॉइल्स आठ वर्षं. यातला केंटन वर्षाचे सात महिने फ्लोरिडात असायचा. मंडळाच्या बैठकीला त्याची खुर्ची यायची, तो नाही.

ऑर्विल लिओटाचा शेजारी. दर गुरुवारी ती दोघं पत्त्यांच्या डावात जोडीदार असायची. तिच्या उमेदवारीचं त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट तो मजेत होता.

"तू खुशाल उभी राहा, लिओटा," तो पत्ते पिसत म्हणाला. "मी बावन्न वर्षं मत देतोय. आत जायचं, वरचा गरुडाचा गोल काळा करायचा, कागद यंत्रात सोडायचा. एक गोल, सगळा पक्ष निवडून! गाडीसुद्धा बंद करत नाही मी."

"पेट्रोल जळतं ना तेवढं."

"एका मिनिटात किती जळणार?"

खरंच तसंच होतं. आमच्या मतपत्रिकेच्या अगदी वरच्या टोकाला एकगठ्ठा मताचे गोल असतात. त्यातला तुमच्या पक्षाचा एक गोल भरला की खालच्या प्रत्येक लढतीत, सिनेटरपासून काउंटीच्या शेरीफपर्यंत, त्या पक्षाच्या माणसाला मत जातं. एकेक नाव शोधत बसावं लागत नाही. एखाद्या लढतीत दुसऱ्या पक्षाचा माणूस आवडला तर त्याच्या नावापुढचा गोल भरायचा, मग तेवढ्या लढतीपुरतं ते मत त्याला जातं आणि बाकीची पक्षाकडेच राहतात. पण हे करतो कोण? बहुतेक माणसं वरचा गोल भरतात आणि चालू लागतात.

सप्टेंबरच्या शेवटी काउंटीच्या वर्तमानपत्रात नमुना मतपत्रिका छापून आली. लिओटा ती वाचायला बसली. ती काहीही वाचते ते बसचा आरसा बघावा तसं, कोपऱ्याकोपऱ्यातलं. मागच्या बाजूला, मंडळाच्या तीन जागांच्या चौकटीवर, बारीक अक्षरात एक ओळ होती. तिने ती दोनदा वाचली आणि कागद घेऊन थेट माझ्याकडे आली. मी त्या वर्षी मतदान केंद्रावर कारकून होते आणि आमचं प्रशिक्षण नुकतंच झालं होतं.

"हे खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी कायदा बदलला. एकाच चौकटीतून एकाहून जास्त माणसं निवडायची असतील, तर वरचा गरुड-कोंबडा तिथं चालत नाही. मागे जाऊन नावांपुढचे गोल स्वतः भरायचे. नाही भरले तर त्या चौकटीत कुणालाच मत नाही."

"म्हणजे ऑर्विल वरचा गोल भरून गाडीत जाऊन बसला, तर..."

"तर ऑर्विलने ऑर्विललाच मत दिलं नाही."

लिओटा अशी हसली की आमचं कुत्रं टेबलाखालून बाहेर आलं.

तिचा भाचा रस्टी वेल्डिंग करतो. तिच्या प्रचाराचं काम तोच बघत होता. त्याला हे कळलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. "आत्या, तोंड बंद ठेव आता. एक शब्द बोलायचा नाही! आपण फक्त आपल्या कोंबडेवाल्यांना गुपचूप सांगू, मागे जा आणि लिओटा भरा. गरुडवाले सगळे वरचा गोल भरून घरी जातील. तू निवडून आलीस, समज."

लिओटाने वर्तमानपत्राची घडी घातली. "रस्टी, चौतीस वर्षांत मी किती पोरं थांब्यावर सोडून पुढे गेले?"

"एकही नाही."

"धुक्यात थांबले, बर्फात थांबले. अमक्याचा बाप कोणाला मत देतो, हे विचारून दार उघडलं नाही मी. लोकांना मत द्यायचंय आणि ते पडत नाहीये, हे मला माहीत असून मी गप्प बसू? मला जिंकायचंय, बाबा. पण असं नाही."

"मग हरशील."

"हरेन. गुरुवारी पत्ते आहेतच."

त्या संध्याकाळी कुंपणाजवळ उभं राहून तिने पहिल्यांदा ऑर्विलला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि हात झटकला. "काहीतरीच! माझ्या बापाने मला शिकवलंय. एक गोल, सगळा पक्ष."

"कायदा बदललाय, ऑर्विल."

"लिओटा, मला घाबरवून मतं मिळणार नाहीत हां तुला."

तिने वर्तमानपत्र पुढे केलं. त्याने चष्मा घरी असल्याचं सांगितलं. चष्मा त्याच्या कपाळावर होता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या बंबखान्यात दरवर्षी जेवण असतं. बंब बाहेर काढतात, आत लांब टेबलं लावतात, घेवड्याची उसळ, हॅम आणि मक्याचा पाव. पण माणसं येतात ती शेवटच्या गोडासाठी, आणि त्यातही ऑर्विलच्या बायकोच्या, विलोडीनच्या पर्सिमन पुडिंगसाठी. टेंभुर्णीच्या जातीचं हे रानफळ. झाडावरून आपोआप पडल्यावरच गोळा करायचं, नाहीतर तोंड आवळून येतं. विलोडीन पहाटे उठून दंवातली फळं वेचते. तिच्या पुडिंगची कृती तिने सख्ख्या बहिणीलाही दिलेली नाही.

त्या वर्षी जेवणाच्या आधी लिओटा खोकं घेऊन उभी राहिली. "आज गोड काय मिळणार ते मतदानाने ठरेल! प्रत्येकाने एक मतपत्रिका घ्या. नियम काउंटीचेच आहेत. वाचून भरा."

लोक खूश. मतपत्रिका तिने घरी बसून बनवली होती. वर दोन मोठे गोल, एक फळवाले आणि एक सायवाले. खाली तीन साध्या लढती, न्याहारीची पाई, कॉफीबरोबरची पाई आणि सणाची पाई, प्रत्येकीत एक फळाची आणि एक सायीची. मागच्या बाजूला चौकट होती, 'आज रात्री टेबलावर, चारातले तीन निवडा.' विलोडीनचं पर्सिमन पुडिंग, चेरीची पाई आणि गूजबेरीची पाई ही फळवाल्यांची. सायवाल्यांकडून एकटी लिओटाची साखर-सायीची पाई. चौथं हरेल ते डब्यातून उघडायचंच नाही. आणि त्या चौकटीवर तीच बारीक ओळ, वर्तमानपत्रातल्यासारखी.

अठ्ठावन्न माणसांनी मत दिलं. मोजायला बंबप्रमुख आणि मी. मोजताना बंबप्रमुखाची मान हळूहळू खाली जायला लागली. "ट्विला," तो पुटपुटला, "हे आपण जाहीर नको करू या. विलोडीनच्या हातात चाकू आहे."

पण जाहीर करावं लागलंच. पुढच्या बाजूला फळवाल्यांनी तिन्ही लढती मारल्या. टाळ्या वाजल्या. मग मागची बाजू. अठ्ठावन्नातल्या फक्त नऊ जणांनी कागद उलटला होता. साखर-सायीला आठ मतं, चेरीला सहा, गूजबेरीला पाच. "आणि पर्सिमन पुडिंग," बंबप्रमुख छताकडे बघत म्हणाला, "चार."

मग सगळे एकदमच बोलायला लागले.

"अरे, मी पुडिंगसाठी सतरा मैल आलोय!"

"मी फळवाल्यांना मत दिलं ना! ते फळच आहे!"

"परत मोजा!"

विलोडीन जागची हलली नाही. तिचा आवाज मात्र सगळ्यांवर चढला. "ऑर्विल."

"हां, विलो."

"तू मला मत दिलंस?"

"म्हणजे काय! फळवाल्यांचा गोल भरला की मी. पहिला मीच भरला."

"मागे गेलास?"

ऑर्विल टेबलावरचा चमचा सरळ करायला लागला.

"पन्नास वर्षं माझं पुडिंग खातोस, आणि तुला कागद उलटवला नाही?"

"मला वाटलं, एक गोल, सगळा..." त्याने वाक्य मध्येच सोडलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आधी भुवया, मग तोंड. त्याने लिओटाकडे बघितलं. "हे तू म्हणत होतीस ते?"

"हेच."

"म्हणजे सहा नोव्हेंबरच्या मतदानाला..."

"सहा नोव्हेंबरला पुडिंगच्या जागी तू."

मग हसण्याची जी लाट आली ती थांबेचना. मर्ल स्टूप्स डोळे पुसत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "ऑर्विल, तू डब्यातच राहणार रे!"

लिओटाने पुन्हा कोरे कागद वाटले. या वेळी तिने फक्त एकच सांगितलं, "वरचा गोल भरायचा असेल तर भरा, नसेल तर नका भरू, पण कागद उलटा करा." अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न जणांनी तो उलटला. पुडिंग सगळ्यांत पुढे आलं, साखर-साय दुसरी, चेरी तिसरी, आणि गूजबेरी डब्यात गेली. तिची कुणाला फारशी आठवणही झाली नाही.

विलोडीन मात्र ऑर्विलशी बोलेना. रविवारी नाही, सोमवारी नाही. मंगळवारी तिने त्याच्यासमोर अंडी ठेवली आणि म्हणाली, "गाडी काढ आणि लिओटाला घेऊन घरोघर जा. जे तुला कळलं नाही ते दुसऱ्यांना समजावून सांग. त्याशिवाय मी बोलणार नाही."

"अगं, ती माझ्याविरुद्ध उभी आहे!"

विलोडीन उठून भांडी घासायला लागली.

अशी ती जोडी निघाली. गरुडाचा उमेदवार गाडी चालवतोय, कोंबड्याची उमेदवार शेजारी नमुना मतपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलीय, हे दृश्य आमच्या रस्त्यांवर कुणी पाहिलेलं नव्हतं. माणसं गवत कापायचं थांबवून बघायची. दारात गेल्यावर ऑर्विल सांगायचा, "मला मत द्या," लिओटा म्हणायची, "मला द्या," आणि मग दोघं एकदम, "पण मागे जाऊन द्या!" परतताना गाडीत भांडायची. तो फार बोलतो, असं तिचं म्हणणं. ती प्रत्येक घरी कॉफी पिते, असं त्याचं.

लिओटाला दारात बघितलं की बायका तिला मिठी मारायच्या, मुलांना हाक मारून बाहेर बोलवायच्या. ऑर्विल बाजूला उभा राहून टोपी फिरवायचा. एकदा गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तू मला हरवणार आहेस, कळतंय ना तुला?"

"जागा तीन आहेत, ऑर्विल."

"हो," तो गाडी सुरू करत म्हणाला. "तीन आहेत खऱ्या."

एल्झी पुरिंटनकडे ते शेवटी गेले. एल्झी एक्याण्णव वर्षांचा. साठ वर्षं दगडखाणीत काढलेली, कान गेलेले, आणि आमच्या भागातला सगळ्यांत कडवा कोंबडेवाला. गरुडवाला त्याच्या अंगणात आला तर तो पाण्याचा पाईप हातात घेतो असं म्हणत. ऑर्विलला त्याने फाटकाशीच अडवलं.

"तू कशाला आलास?"

"कागद समजावून सांगायला!" ऑर्विल ओरडला.

"मला कागद कळतो. कोंबडा काळा करायचा. सत्तर वर्षं करतोय."

"तेवढ्यावर लिओटाला मत जात नाही, एल्झी!" ऑर्विल त्याच्या कानाशी वाकून ओरडला. "कोंबडा कर, खुशाल कर! पण मग कागद उलटा कर आणि लिओटा भर! लिओटा! नाहीतर ती पडेल!"

म्हाताऱ्याने लिओटाकडे बघितलं, मग पुन्हा ऑर्विलकडे. "तू तिच्यासाठी मतं मागतोयस?"

"मी तुझ्या मतासाठी आलोय, म्हाताऱ्या! ते फुकट जाऊ नये म्हणून!"

एल्झीने बराच वेळ जबडा हलवला. मग फाटक उघडलं. "कॉफी घेणार?"

"मी नाही," ऑर्विल म्हणाला, "ही घेईल."

सहा नोव्हेंबरला पहाटे सहाला आम्ही बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात केंद्र उघडलं, आणि सात वाजता रांग पायऱ्यांवर गेली होती. दरवर्षी माणसं आत येतात आणि वाऱ्यासारखी बाहेर जातात. त्या दिवशी आडोशांमागून सतत एकच आवाज येत होता, कागद उलटण्याचा. फड्, फड्, फड्. केंद्राचा प्रमुख माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. ऑर्विल आला तेव्हा खिडकीतून मी मुद्दाम पाहिलं. गाडी बंद होती. तो आडोशामागे अकरा मिनिटं होता.

एल्झी दुपारी दोनला आला, काठी टेकत, स्वच्छ दाढी करून. थोड्या वेळाने यंत्राने त्याचा कागद परत बाहेर ढकलला.

"मागच्या चौकटीत तीनपेक्षा जास्त गोल भरलेत, साहेब," प्रमुख त्याच्या कानाशी म्हणाला. "हा कागद बाद करू, नवा देतो."

"काय?"

"जास्त भरलेत! तीनच चालतात!"

"मला दोनच पाहिजे होते!" एल्झी गरजला. "लिओटा आणि तो क्नेबेल! बाकीचे दोन पेन घसरून झाले!"

"हळू, एल्झी, मत गुप्त असतं!"

"माझं नाही! सत्तर वर्षं कोंबडेवाला आहे मी, सगळ्यांना माहितीय! पण तो माझ्या फाटकाशी येऊन माझ्या मतासाठी ओरडला. वर कोंबडा केला आणि मागे त्याचं नाव भरलं तर चालतं की नाही?"

"चालतं. पण नाव घेऊ नका हो!"

रांगेतली माणसं हसून वाकली होती. एल्झीला नवा कागद दिला. या वेळी यंत्राने तो मुकाट गिळला, आणि म्हातारा पायऱ्या चढताना कुणाचा हात न धरता चढला.

संध्याकाळी सहाला दारं बंद झाली. यंत्रातून आकड्यांची लांब पट्टी बाहेर यायला लागली. प्रमुखाने ती चर्चच्या दाराला चिकटवली, टपालाने आलेल्या मतांचा आकडा काउंटीतून फोनवर घेतला आणि खाली पेन्सिलीने मिळवला. अंगणात शंभरेक माणसं मोबाइलच्या उजेडात उभी होती. वरच्या सगळ्या लढतींत आमच्याकडे नेहमीसारखा गरुड पुढे होता. एकगठ्ठा मतंही तशीच, दहात सात.

मग मी मागच्या चौकटीचे आकडे वाचले. हार्बिसन, चारशे दोन. क्नेबेल, तीनशे अठ्ठ्याऐंशी. स्टूप्स, तीनशे एकावन्न. व्हॉइल्स, दोनशे सत्तर.

क्षणभर कुणालाच खरं वाटेना. शेकडो गरुडवाल्यांनी वर गरुडाचा गोल भरला होता, आणि मग कागद उलटून नावं एकेक वाचली होती. वाचताना त्यांना पहिल्यांदा प्रश्न पडला असेल की व्हॉइल्स कुठे असतो, आणि लिओटाला आपण किती वर्षं ओळखतो.

रस्टीने आत्याला उचलून गरगर फिरवलं. ती ओरडत होती, "खाली ठेव, गाढवा, माझा गुडघा!" आणि रडतही होती. ऑर्विल गर्दीतून वाट काढत आला, टोपी काढली आणि हात पुढे केला. तिने हात बाजूला सारून त्याला मिठी मारली. विलोडीन मागून म्हणाली, "बरं झालं. आता घरी चल, जेवायचंय." गेल्या कित्येक दिवसांतलं तिचं त्याच्याशी ते सगळ्यांत लांब बोलणं होतं. बंबखान्यातल्या पोरांना राहवेना, त्यांनी भोंगा वाजवला. अख्ख्या खोऱ्यातली कुत्री भुंकायला लागली आणि तीन घरांतून फोन आले, कुठे लागली आग?

फ्लोरिडाहून केंटनचा संदेश आला, त्यात त्याने लिओटाचं अभिनंदन केलं होतं आणि इथं हवा कशी आहे ते विचारलं होतं.

जानेवारीत मंडळाची पहिली बैठक झाली. लिओटाने सुरुवातीलाच विचारलं की जुन्या कबरस्तानाचं कुंपण मागच्या बाजूने पडलंय, गाई आत शिरतात, त्याचं काय करायचं.

"पडलंय?" मर्ल म्हणाला. "कधीपासून?"

"तुम्ही गेलात का तिकडे?"

मर्लने ऑर्विलकडे बघितलं, ऑर्विलने मर्लकडे. मग तिघांनी कोट घातले, बैठक तिथंच थांबवली आणि घोटाभर बर्फातून टेकडीवरच्या कबरस्तानात गेले. बैठक ऐकायला आलेली मी खिडकीतून बघत होते. ऑर्विल मोजपट्टीचं एक टोक धरून उभा होता, लिओटा दुसरं टोक घेऊन चालत होती आणि लांबून त्याला ओरडून सांगत होती, "ताणून धर रे, ताणून!"